सुरक्षा परिषदेत छोट्या द्वीपराष्ट्रांचे ऐकले केव्हा जाते?

संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी ३७ देश ‘छोटी विकसनशील द्वीपराष्ट्रे’ या गटात मोडतात. आमसभेतले जवळजवळ प्रत्येक पाचवे मत त्यांचे आहे. सुरक्षा परिषदेत मात्र २००३ ते २०१८ या सलग सोळा वर्षांत या गटातला एकही देश सदस्य म्हणून बसलेला नव्हता, आणि प्रशांत महासागरातल्या छोट्या द्वीपराष्ट्रांपैकी तर एकालाही आजपर्यंत तेथे जागा मिळालेली नाही.

केवळ प्रतिनिधित्वाची तक्रार मांडण्यासाठी हा धागा काढलेला नाही. परिषदेचा छोट्या बेटांशी आलेला संबंध मुळापासून पाहिला, तर एक गोष्ट वारंवार नजरेस येते, आणि ती मला फार अस्वस्थ करते. बेटावर आलेले संकट किती मोठे आहे यापेक्षा त्या संकटामागे कोण उभे आहे, यावर परिषदेचा प्रतिसाद ठरतो. काही प्रसंग मांडतो.

२५ नोव्हेंबर १९८१ रोजी हिंदी महासागरातल्या सेशेल्समधील माहे बेटाच्या विमानतळावर भाडोत्री सैनिकांची एक तुकडी पर्यटकांच्या वेषात उतरली. जकात तपासणीत एकाच्या सामानात लपवलेली बंदूक सापडली आणि तेथेच गोळीबार सुरू झाला. सरकार उलथवण्याचा बेत फसल्यावर यांपैकी चाळीसहून अधिक जणांनी त्याच विमानतळावर उतरलेले, मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे विमान पळवून डर्बनला नेले. येथे परिषदेने चांगले काम केले. तीन आठवड्यांच्या आत, १५ डिसेंबरला, ४९६व्या ठरावाने चौकशी आयोग नेमला गेला. पुढे मे १९८२ मध्ये ५०७व्या ठरावाने या आक्रमणाचा निषेध झाला आणि सेशेल्सच्या आर्थिक नुकसानीसाठी ऐच्छिक निधी उभारण्यात आला. दोन्ही ठराव एकमताने झाले, कारण भाडोत्री सैनिकांची बाजू घेण्यात कोणत्याही स्थायी सदस्याचे हित गुंतलेले नव्हते.

त्याच महासागरातल्या कोमोरोस बेटांच्या वाट्याला याच्या नेमके उलट आले. जुलै १९७५ मध्ये कोमोरोसने स्वातंत्र्य जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये परिषदेनेच त्याच्या सदस्यत्वाची शिफारस केली आणि नोव्हेंबरमध्ये तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. फ्रान्सने मात्र मायोत हे चौथे बेट स्वतःकडे ठेवून तेथे वेगळे सार्वमत घेण्याचे ठरवले, तेव्हा हा नवा देश परिषदेकडे गेला. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी मसुद्याच्या बाजूने अकरा मते पडली, तीन देश तटस्थ राहिले, विरोधात एकच मत पडले आणि ते फ्रान्सचे होते. फ्रान्स परिषदेच्या पाच स्थायी, म्हणजे कायमच्या, सदस्यांपैकी एक असल्याने त्याचे विरोधी मत हा नकाराधिकार ठरला आणि मसुदा तेथेच संपला. दोनच दिवसांनी सार्वमत पार पडले. मायोत आजही फ्रान्सचा भाग आहे.

या साऱ्यात सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि मला सर्वांत गंभीर वाटणारा प्रसंग मार्शल बेटांचा आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानकडे असलेली मायक्रोनेशियातली बेटे युद्धानंतर विश्वस्त प्रदेश म्हणून, म्हणजे तेथील लोक स्वतःचा कारभार पाहू लागेपर्यंत सांभाळण्यासाठी, अमेरिकेच्या हाती सोपवण्यात आली. असे एकूण अकरा विश्वस्त प्रदेश होते. त्यांपैकी दहांवर आमसभेची देखरेख होती. हा एकच प्रदेश ‘सामरिक’ ठरवून, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ८३व्या कलमानुसार, थेट सुरक्षा परिषदेच्या अखत्यारीत ठेवला गेला. २ एप्रिल १९४७ रोजी २१व्या ठरावाने परिषदेने तो करार मंजूर केला. रहिवाशांच्या आरोग्याचे आणि जमिनीचे रक्षण करण्याची जबाबदारी त्या करारात स्पष्ट लिहिली होती. त्याच करारात सुरक्षेच्या कारणावरून कोणताही भाग बंद करण्याची मुभा अमेरिकेला होती, आणि अमेरिकेच्या संमतीशिवाय करारात बदल करता येणार नव्हता. विश्वस्त, परिषदेचा स्थायी सदस्य आणि अण्वस्त्रांची चाचणी करणारा देश, या तिन्ही भूमिका एकाच ठिकाणी आल्या.

१९४६ ते १९५८ या काळात बिकिनी आणि एनेवेटाक या कंकणद्वीपांवर व त्यांच्या परिसरात ६७ अणुचाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ च्या ‘कॅसल ब्राव्हो’ चाचणीची शक्ती १५ मेगाटन होती. त्या दिवशी रॉन्गेलाप बेटावर पांढऱ्या भुकटीसारखी किरणोत्सारी राख पडली, मुले तिच्यात खेळली, आणि रहिवाशांना तेथून हलवेपर्यंत दोन दिवस उलटून गेले. एप्रिलमध्ये मार्शल बेटांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करून अशा चाचण्या तत्काळ थांबवण्याची मागणी केली. दैनंदिन देखरेखीचे काम परिषदेने १९४९ मध्येच विश्वस्त मंडळ या संयुक्त राष्ट्रांच्याच दुसऱ्या संस्थेकडे सोपवले असल्याने अर्ज तेथे गेला. प्रशासक देशाला चाचण्या आवश्यक वाटत असतील तर त्याने सर्व खबरदारी घ्यावी, असे उत्तर जुलैमध्ये मिळाले. चाचण्या आणखी चार वर्षे चालू राहिल्या. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो ते येथे अक्षरशः घडले. डिसेंबर १९९० मध्ये ६८३व्या ठरावाने परिषदेने मार्शल बेटांपुरते हे विश्वस्तपद संपवले आणि सप्टेंबर १९९१ मध्ये मार्शल बेटे संयुक्त राष्ट्रांचे सदस्य झाली.

आता वर्तमानातला प्रश्न समुद्राच्या वाढत्या पातळीचा आहे. येथे आक्रमक असा एक देश दाखवता येत नाही, आणि नेमक्या याच कारणाने परिषदेत हा विषय गेली अनेक वर्षे दारातच अडकून पडला आहे. १७ एप्रिल २००७ रोजी ब्रिटनच्या अध्यक्षतेखाली हवामान बदलावर तेथे पहिली चर्चा झाली, तेव्हा विकसनशील देशांच्या मोठ्या गटाने परिषदेच्या अधिकारावरच आक्षेप घेतला. प्रशांत महासागरातल्या बेटांनी मात्र, ती विकसनशील असूनही, परिषदेने हा विषय हाती घ्यावा असे म्हटले. २००९ मध्ये त्यांनीच पुढाकार घेऊन आमसभेत ठराव संमत करून घेतला. जुलै २०११ च्या चर्चेत नाउरूचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मार्कस स्टीफन यांनी मागितले ते इतकेच : एक विशेष प्रतिनिधी नेमा आणि अशा संकटांना तोंड देण्याची संयुक्त राष्ट्रांची क्षमता किती आहे ते तपासा. हाती आला तो ठराव नव्हे, तर परिषदेच्या अध्यक्षांचे एक निवेदन. १३ डिसेंबर २०२१ रोजी हवामान बदल आणि सुरक्षा यांचा संबंध जोडणाऱ्या, आयर्लंड आणि नायजर यांनी मांडलेल्या मसुद्याला १२ मते मिळाली, रशियाने नकाराधिकार वापरला, भारताने विरोधात मत दिले आणि चीन तटस्थ राहिला.

माझे मत असे आहे की, एखाद्या सदस्य देशाची भूमीच नाहीशी होण्याची शक्यता हा शांतता आणि सुरक्षेचा प्रश्न नसेल, तर त्या शब्दांना त्या देशापुरता काही अर्थ उरत नाही. आपली मते, विशेषतः विरोधी मते, वाचायला आवडतील.

प्रतिसाद १

लेख अभ्यासपूर्ण आहे आणि मार्शल बेटांविषयीचा भाग अनेकांना नवा असेल. शेवटच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. २०२१ मध्ये भारताने दिलेले मत आपण एका वाक्यात उरकले आहे, म्हणून त्यामागची भूमिका मांडतो.

हवामान बदलासाठी १९९२ चा करार अस्तित्वात आहे. त्यात जवळपास सर्व देश समान सदस्य आहेत आणि जबाबदारी सर्वांची असली तरी ती सारखी नाही, हे त्यातले मूलभूत तत्त्व आहे. ज्यांनी दोन शतके कोळसा जाळला त्यांच्यावर अधिक भार, हे तत्त्व विकसनशील देशांनी मोठ्या प्रयत्नाने मिळवले. सुरक्षा परिषदेत पंधरा देश बसतात, पाचांना नकाराधिकार आहे आणि सनदेच्या २५व्या कलमाने तिचे निर्णय इतर सर्वांवर बंधनकारक ठरतात. सर्वाधिक उत्सर्जनाचा इतिहास असलेले देश जेथे कायमचे बसले आहेत, तेथे हा विषय नेणे म्हणजे आरोपीच्याच हाती निवाडा सोपवणे होय. उद्या एखाद्या गरीब देशातील दुष्काळाचे निमित्त करून तेथे हस्तक्षेप झाला, तर त्याला आधार याच ठरावाचा घेतला जाईल. आपण मार्शल बेटांचे जे उदाहरण दिले आहे, ते परिषदेवर विश्वास न ठेवण्याचेच उदाहरण आहे, असे मला वाटते.

धागालेखकाचे उत्तर

आपला शेवटचा मुद्दा बिनतोड आहे आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. परिषदेच्या रचनेवरचा अविश्वास सार्थ आहे. तरीही दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. एक म्हणजे, हा विषय परिषदेत नेण्याचा आग्रह केवळ युरोपीय देशांचा नाही. ज्यांच्यावर परिषदेने अन्याय केला, त्या बेटांचाही तो आग्रह आहे. मार्शल बेटांना परिषदेचा इतिहास आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, आणि तो ठाऊक असूनही ती तेथे गेली आहेत. दुसरे म्हणजे, त्यांच्या मागणीत निर्बंध नाहीत, लष्करी हस्तक्षेप नाही. २०२१ च्या मसुद्याचा मुख्य भर संघर्षांचा विचार करताना हवामानाचा धोका लक्षात घ्यावा आणि महासचिवांनी त्यावर अहवाल द्यावा, यावर होता. आपल्याला वाटणारी भीती मसुद्यात दुरुस्ती सुचवून दूर करता आली असती. उत्सर्जन कमी करण्याच्या जबाबदाऱ्या १९९२ च्या कराराखालीच ठरतील, असे एक कलम घालण्याचा आग्रह भारताने अखेरपर्यंत धरून ठेवला असता, तर मला ते विरोधी मतापेक्षा अधिक योग्य वाटले असते.

याच संदर्भात इतिहासातली एक गोष्ट आठवते. ब्राव्हो चाचणीनंतर सुमारे महिन्याभराने, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या स्थगित करण्याचे आवाहन केले होते. बेटांवरील संकट हे जगाचे संकट मानण्याची भूमिका भारताला परकी नाही.

प्रतिसाद २

चर्चेत ‘बेटे’ हा शब्द सर्वांचे एकच मत असल्यासारखा वापरला जात आहे, त्याबद्दल थोडे लिहितो. ऑक्टोबर १९८३ मध्ये ग्रेनाडाचे पंतप्रधान मॉरिस बिशप यांची हत्या झाली आणि २५ ऑक्टोबरला अमेरिकेने तेथे सैन्य उतरवले. २८ तारखेला परिषदेतील निषेधाचा मसुदा अमेरिकेच्या नकाराधिकाराने पडला. मतांची विभागणी कोमोरोसच्या वेळी होती तशीच, अकरा विरुद्ध एक आणि तिघे तटस्थ, अशी होती. पुढे २ नोव्हेंबरला आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी त्या कारवाईबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. येथपर्यंत ही कथा लेखकाच्या मांडणीत बसते. परंतु पूर्व कॅरिबियनमधल्या छोट्या देशांच्या संघटनेनेच या कारवाईची विनंती केली होती, जमैका आणि बार्बाडोसची दले तिच्यात सामील होती, आणि डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजेनिया चार्ल्स यांनी स्वतः परिषदेत तिचे समर्थन केले. तेव्हा त्या दिवशी परिषदेने बेटांचे ऐकले की नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या बेटाला विचारता यावर अवलंबून आहे.

शेजाऱ्याच्या घरातली अस्थिरता छोट्या देशाला मोठ्या देशापेक्षा अधिक जाचते. लष्कर नसते किंवा नाममात्र असते, आणि मूठभर सशस्त्र माणसे सरकार ताब्यात घेऊ शकतात. मालदीवमध्ये ३ नोव्हेंबर १९८८ रोजी हेच घडू पाहत होते. तेव्हा मालदीवने परिषदेच्या बैठकीची वाट पाहिली नाही. त्याने थेट भारताकडे मदत मागितली आणि भारतीय सैनिक त्याच रात्री तेथे पोहोचले. पुढल्या वर्षी मालदीवच्या पुढाकाराने छोट्या राष्ट्रांच्या संरक्षणाविषयीचा ठराव झाला, तोही आमसभेत. संकटाच्या पहिल्या काही तासांत जवळचा मित्रदेशच उपयोगी पडतो.

प्रतिसाद ३

मालदीवचे उदाहरण योग्य आहे, पण जवळचा मोठा देश मित्रच असेल याची हमी कोण देणार? पूर्व तिमोरचा विचार करा. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने तेथे सैन्य घुसवले. २२ डिसेंबरला ३८४व्या ठरावाने परिषदेने एकमताने सैन्य मागे घेण्यास सांगितले. नकाराधिकार वापरला गेला नाही, ठराव संमत झाला, आणि तरीही तो कागदावरच राहिला, कारण इंडोनेशियाला दुखावण्याची महासत्तांची इच्छा नव्हती. १९९९ मध्ये इंडोनेशियातली राजकीय परिस्थिती बदलली, सार्वमत झाले, हिंसाचार उसळला, तेव्हा त्याच परिषदेने प्रथम बहुराष्ट्रीय दलाला परवानगी दिली आणि नंतर १२७२व्या ठरावाने त्या प्रदेशाचा संपूर्ण कारभार संयुक्त राष्ट्रांच्या हाती घेतला. २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला. या दोन ठरावांच्या मध्ये जवळजवळ चोवीस वर्षे आणि अगणित माणसे गेली. अधिकार १९७५ मध्येही होताच. बेटासाठी इच्छाशक्ती दाखवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

प्रतिसाद ४

आतापर्यंतच्या चर्चेत परिषद बेटांसाठी काय करते याचाच विचार झाला. परिषद बेटांकडून काय करवून घेते, हेही पाहावे लागेल. २००१ च्या १३७३व्या ठरावाने दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याविरुद्ध, आणि २००४ च्या १५४०व्या ठरावाने महासंहारक शस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध कायदे करणे प्रत्येक देशावर बंधनकारक झाले. पहिल्या ठरावाने नव्वद दिवसांत अहवाल मागितला, दुसऱ्याने सहा महिन्यांत. सुमारे दहा हजार लोकवस्तीच्या नाउरूला किंवा तुवालूला न्यूयॉर्कमध्ये इनमिन अधिकाऱ्यांवर भागवावे लागते. आमसभेच्या सहा मुख्य समित्या, सागरी कायदा, हवामानाच्या वाटाघाटी या साऱ्यांसाठी तीच माणसे, आणि त्यांनीच अणुसामग्रीच्या निर्यातनियंत्रणाचा तक्ता भरायचा. हे ठराव चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. जहाजांची नोंदणी आणि परदेशी बँकिंग या क्षेत्रांत काही द्वीपराष्ट्रांचा वाटा मोठा असल्याने त्यांच्याकडून दक्षतेची अपेक्षा रास्तच आहे. पण ज्या टेबलावर हे नियम लिहिले जातात तेथे आपण कधीच नसायचे आणि पालन मात्र सर्वांइतकेच करायचे, ही अवस्था फार काळ टिकवणे न्याय्य नाही.

सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडीन्सचा अनुभव येथे महत्त्वाचा आहे. सुमारे एक लाख दहा हजार लोकसंख्येचा हा देश जून २०१९ मध्ये १८५ मते मिळवून परिषदेवर निवडून आला. परिषदेवर बसलेला तो आजवरचा सर्वांत छोटा देश. त्याने तीन आफ्रिकी सदस्यांशी जुळवून घेऊन संयुक्त निवेदने करण्याचा पायंडा पाडला, त्यामुळे त्याचा एकट्याचा आवाज चौघांचा झाला. छोट्या देशाला परिषदेचे काम झेपणार नाही, हा आक्षेप आता कुणी घेऊ नये.

धागालेखकाचे उत्तर

ग्रेनाडाविषयीची दुरुस्ती मान्य आहे. बेटांमध्ये मतभेद असतातच, आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे ऐकले जावे हेच त्यातून निघते. तिमोरच्या उदाहरणाने माझ्या मांडणीला एक पैलू जोडला. संकटामागे उभा असलेला देश स्थायी सदस्य असण्याचीही गरज नाही, स्थायी सदस्यांना तो हवाहवासा असला तरी पुरे.

जागेच्या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो, कारण प्रतिसाद ४ मुळे चर्चा योग्य ठिकाणी आली आहे. सनदेच्या २३व्या कलमानुसार अस्थायी सदस्य निवडताना शांतता राखण्यातले योगदान हा पहिला निकष आहे, भौगोलिक वाटप त्यानंतर येते. या निकषावर फिजीकडे पाहा. १९७८ पासून फिजीचे सैनिक लेबनॉनमध्ये शांतिसेनेत गेले. ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस गोलन टेकड्यांवर सीरियातल्या नुस्रा आघाडी या सशस्त्र गटाने फिजीच्या ४५ शांतिसैनिकांना पकडून दोन आठवडे ओलीस ठेवले होते. परिषदेने आखलेल्या मोहिमेत दहा लाखांहून कमी वस्तीच्या देशाने आपली माणसे एवढ्या धोक्यात घातली, आणि त्या देशाला परिषदेवर एकदाही जागा मिळालेली नाही.

सर्व प्रदेशांतील छोट्या द्वीपराष्ट्रांमध्ये फिरती राहील अशी एक अस्थायी जागा निर्माण करावी, अशी मागणी सुधारणांच्या चर्चेत आहे. विकसनशील देशांच्या ‘एल-६९’ या गटाने तिला पाठिंबा दिला आहे आणि भारत त्या गटात आहे. परंतु त्यासाठी सनद बदलावी लागेल, म्हणजे दोनतृतीयांश सदस्यांची आणि पाचही स्थायी सदस्यांची मान्यता लागेल. परिषदेचा आकार वाढवण्यासाठी हे एकदाच, १९६५ मध्ये, शक्य झाले आहे.

तोवर थांबण्याचे मात्र कारण नाही. आफ्रिकी गट आपल्या जागा उपप्रदेशांमध्ये पाळीपाळीने वाटून घेतो, आणि तो अंतर्गत समझोता आहे, सनदेत तसे कुठे लिहिलेले नाही. आशिया गटाने २०११ मध्ये आपल्या नावात ‘प्रशांत’ हा शब्द घातला तो बेटांच्याच आग्रहावरून. पन्नासहून अधिक देशांच्या या गटाला अस्थायी जागा दोनच मिळतात आणि त्यांसाठी मोठ्या देशांत चुरस असते, हे खरे आहे. तरीही दर काही वर्षांनी एक पाळी प्रशांत महासागरातल्या बेटांसाठी राखून ठेवायची आणि त्या वर्षी इतरांनी उमेदवारी करायची नाही, एवढे गटाने आपसात ठरवले तर सनदेतला एकही शब्द बदलावा लागणार नाही. हा प्रस्ताव गटापुढे औपचारिकपणे मांडण्याचे काम भारताने करावे, आणि पहिल्या पाळीसाठी फिजीच्या नावाला आपला पाठिंबा आताच जाहीर करावा.